बरं हाय म्हणणारा पेशंट

क्लासचा फळा रोज संध्याकाळी मीच पुसतो. कितीही घासला तरी मार्करची निळसर झाक मागं राहतेच, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावरच नवं लिहिलं जातं. किस्से असेच साठतात. मी मुद्दाम काही लक्षात ठेवायला गेलो नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत, लिहून ठेवायची सवय नाही. पण रंकाळ्यावर आम्ही चार म्हातारे बसतो, तिथं कुणीतरी विचारतं, "काय बाबा, तुमच्या इंग्रजीच्या क्लासात आज काय झालं?" मग एक आठवतो, त्याच्या मागून दुसरा. मी बोलतो हळू. एक किस्सा संपेपर्यंत दोघं घरी गेलेले असतात. कागदावर तरी कुणी उठून जायचं नाही, म्हणून हे.

क्लास राजारामपुरीत, दुसऱ्या मजल्यावर. सरनाईक मॅडमांचा. परदेशात नोकरीला जायचं म्हणून इंग्रजीची परीक्षा देणाऱ्या नर्सा इथं येतात. मी कुलूप काढतो, झाडून घेतो, पाण्याचा जार वर नेतो. जिन्याच्या वळणावर हल्ली जरा थांबावं लागतं. पूर्वी थांबत नव्हतो. मॅडमनी एकदा विचारलं, "बाबा, दम लागतो का?"

मी म्हणालो, "न्हाय. बरं हाय."

*

इंग्रजीत दोन वाक्यं जोडायची कशी, हे मॅडम ट्रॅक्टरवर शिकवतात.

फळ्यावर उसाचा ट्रॅक्टर काढतात, मागं ट्रॉली. म्हणतात, "ट्रॅक्टर म्हणजे माणूस. त्याच्याबद्दल जे सांगायचं ते ट्रॉलीत भरायचं. दोन्हीच्या मध्ये पिन लागते. माणसाला 'हू'ची पिन, वस्तूला 'विच'ची, जागेला 'व्हेअर'ची. पिन विसरलात तर ट्रॅक्टर पुढं जाणार आणि ऊस रस्त्यात राहणार."

मग एक सक्त नियम. दोनच्या वर ट्रॉल्या जोडायच्या नाहीत, वळणावर उलटतात.

राधानगरीकडची सुजाता म्हणून एक मुलगी होती. तिला सासूबद्दल एक वाक्य करायला सांगितलं. ती उभी राहिली. "माय मदर-इन-लॉ, हू मिल्क्स फोर बफेलोज, हू गेट्स अप ॲट फोर, हू डज नॉट लाइक माय भाजी, हू टेल्स एव्हरीवन, हू..."

मॅडम म्हणाल्या, "सुजाता, ट्रॉल्या किती झाल्या?"

"थांबा की मॅडम, सासू अजून संपली न्हाय."

*

त्याच दिवशी मॅडमनी दुसरी गोष्ट शिकवली. ती मला फार अवघड गेली, म्हणून सांगतो.

त्यांनी फळ्यावर वाक्य लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "द पेशंट हू फेल यस्टरडे..." आणि तिथंच थांबल्या. मराठीत म्हणाल्या, "काल जो पेशंट पडला, तो." आणि आमच्याकडं बघत राहिल्या.

सगळ्या मुलींची पेनं थांबली. मीही झाडू धरून दारात उभा. कोण म्हातारा असेल, कंबरेवर पडला असेल, खुब्याचं हाड गेलं असेल, घरी कोण असेल, असं मनात यायला लागलं.

मॅडमनी वाक्य पुरं केलं, "...इज वॉकिंग टुडे. आज चालतोय. बघा, सगळे मधेच घाबरलात. ट्रॉलीत काय आहे ते बघून निकाल लावायचा नाही. वाक्य संपेपर्यंत थांबायचं."

मला बरं वाटलं. पण तो कसा पडला, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

*

आता शोभाबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं तिचंच आहे.

शोभा वयानं चाळिशीची. सोळा वर्षं नर्स, पण कंत्राटावर. दर अकरा महिन्यांनी नवी ऑर्डर येईल की नाही, या धास्तीत सोळा वर्षं काढलेली. आता बाहेरच्या देशातल्या एका हॉस्पिटलनं तिला कायमची जागा देऊ केली होती. तिचं काम त्यांना पसंत होतं. अट एकच, इंग्रजीची परीक्षा पास. बाकी सगळ्यात ती पास होती, बोलण्यात दोनदा नापास. त्यांनी पत्र पाठवलं, की याच वेळेला झालं तर ठीक, पुढं जागा ठेवता येणार नाही.

पहिल्या दिवशी मॅडमनी विचारलं, घरी कोण आहे? शोभा उभी राहिली आणि भिंती हादरतील अशा आवाजात म्हणाली, "हजबंड. आनंदा. कबनूर. पॉवरलूम. इअर. नो."

मॅडम दचकल्या. "शोभा, माझ्यावर चिडलीयस का?"

"न्हाय मॅडम. मालकांना ऐकू येत न्हाय. बावीस वर्सं लूमच्या खडखडाटात गेली. घरात मोठ्यानं आन् तुकड्यातुकड्यात बोलावं लागतं. लांब वाक्य केलं की मधलं सगळं वाया जातंय."

"आणि पेशंटशी?"

"तीच सवय लागली की."

परीक्षेत बोलणं जोडलेलं हवं, आणि मवाळ हवं. पेशंटला धीर द्यायचा असतो. शोभाच्या मनात माया भरपूर होती, ते तिच्याजवळ बसलं की कळायचं. पण तोंडातून निघायची ती ऑर्डर. "सिट. ईट. टॅब्लेट. नाऊ."

*

बोलण्याच्या परीक्षेत समोर एक माणूस पेशंट होऊन बसतो. नर्सला एक कार्ड मिळतं, पेशंटला एक. पाच मिनिटं दोघांनी बोलायचं. तर सरावाला पेशंट पाहिजे. मुलीच एकमेकींच्या पेशंट व्हायच्या, पण त्या हसायच्या फार. एक दिवस मॅडम म्हणाल्या, "बाबा, तुम्ही बसा खुर्चीवर."

"मला इंग्रजी येत न्हाय, मॅडम."

"म्हणूनच. तुम्हाला कळलं तर परीक्षकाला कळणारच."

मॅडम कानात मराठीत सांगायच्या, काय दुखतंय आणि काय म्हणायचं. पहिल्या कार्डावर होतं, की हा पेशंट गोळ्या घ्यायला नकार देतो. समोर सुजाता. तिनं दोन वाक्यं म्हटली, हात पुढं केला. मी खोटी गोळी घेतली आणि पाणी प्यायलो.

मॅडमनी घड्याळ बंद केलं. "बाबा, पाच मिनिटं नाही म्हणायचं होतं."

"एवढ्या मायेनं देतीय पोरगी. न्हाय कसं म्हणू?"

दुसऱ्या कार्डावर पेशंट चिडलेला होता, कारण नर्स उशिरा आली. मॅडमनी मला दोनदा बजावलं, चिडा. शोभा समोर येऊन बसली, "सॉरी. लेट." असं ओरडली. मी तिच्याकडं बघितलं. ड्यूटी करून कबनूरला जायचं, तिथनं परत क्लासला यायचं. कपाळावर घाम.

मी म्हणालो, "बस मिळाली नसंल लेकी. पाणी पी आधी."

तेव्हापासून मला एकच वाक्य दिलं. काहीही विचारलं तरी म्हणायचं, "आय ॲम फाइन." मॅडम म्हणाल्या, ते तुम्हाला जमेल, रोज मराठीत तेच म्हणता.

*

परीक्षेला दीड महिना राहिला तरी शोभाचं वाक्य काही जोडलं जाईना. 'हू'पर्यंत यायची आणि अडायची. मॅडम धीर द्यायच्या, पण त्यांनाही काळजी लागली होती. शोभा गेली की फळ्याकडं बघत बसायच्या आणि मला म्हणायच्या, "बाबा, हिला येतं हो सगळं. पण भीती वाटली की तुटतं."

एका सुट्टीच्या दिवशी शोभा नवऱ्याला घेऊन आली. आनंदा. बारीक, उंच, केसात कापसाचा एक तंतू राहिलेला. मला म्हणाला, "रामराम पावणं," ते सगळ्या मजल्यावर ऐकू गेलं.

त्याला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. मग हा करणार काय? शोभा म्हणाली, "लूमच्या आवाजात कुणाचंच कुणाला ऐकू जात न्हाय. तितं सगळे ओठ बघून बोलत्यात. ह्यांना समोर बसू द्या."

तो तिच्या समोर बसला. ती बोलायला लागली. दोन शब्द झाले आणि आनंदानं बोट वर केलं. "तुटला."

परत पहिल्यापासून. चार शब्द. "तुटला."

लूमवर धागा तुटला की थांबायचं, गाठ मारायची आणि परत चालू करायचं, हेच त्यानं जन्मभर केलेलं. त्याला राग नाही, घाई नाही. तासभर हे चाललं होतं. शेवटी मॅडमनी एक कागद घेतला आणि त्यावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहून त्याला दाखवलं. 'तुम्हाला इंग्रजी कळतं का?'

आनंदानं वाचलं. "न्हाय की. पण तुटल्यालं कळतंय."

त्या दिवशी ती निघताना पहिल्यांदा सात शब्द सलग म्हणाली. आनंदाचं बोट अर्धं वर जाऊन थांबलं होतं.

*

परीक्षेच्या आदल्या दिवशीचा सराव. परीक्षा पुण्यात, अकरा वाजता. शोभाला पहाटेची गाडी धरायची होती.

त्या दिवशी मी दोन जार वर नेले होते. मॅडमनी मला कानात सांगितलं, "बाबा, आज गुडघा दुखतोय. पण सांगायचं नाही. तिनं नीट विचारलं तरच गुडघ्यावर हात ठेवायचा."

शोभा समोर बसली. "पेन? व्हेअर? टेल."

"आय ॲम फाइन," मी म्हणालो.

"नाईट. स्लीप. ओके?"

"आय ॲम फाइन."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. शोभानं परत कार्डाकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. पंखा डोक्यावर फिरत होता आणि माझ्या कानामागून घामाची धार चालली होती, ती मलाही तेव्हाच कळली. तिनं कार्ड खाली ठेवलं. खुर्ची पुढं ओढली. आणि इतक्या हळू आवाजात बोलली, की ही शोभाच का, असं मला वाटलं.

"बाबा, द पेन विच यू आर हायडिंग फ्रॉम अस, व्हेअर इज इट?"

व्हेअर म्हणजे जागा विचारतात, एवढं मला कळत होतं. गुडघ्यावर हात ठेवायचा, हेही आठवत होतं. हात गेला तो छातीवर.

मॅडम खूश होऊन उठून उभ्याच राहिल्या. "वा शोभा, एका दमात! पण बाबा, गुडघा. गुडघा."

*

रिक्षात शोभानं माझं मनगट सोडलं नाही. हॉस्पिटलात डॉक्टरांनी मशीन लावलं, तो लांब कागद बघितला आणि विचारलं, "किती दिवसांपासून होतंय?"

मी तोंड उघडायच्या आत शोभा म्हणाली, "ह्यांना इचारू नगा साहेब. मी सांगते."

छातीत जाळी, म्हणजे स्टेंट, बसवावी लागेल म्हणाले. आत्ता दोन दिवस ठेवू, गोळ्या चालू करू, तीन आठवड्यांनी परत या. मला त्याचं काही नव्हतं. मी भिंतीवरचं घड्याळ बघत होतो. सहा वाजले, सात वाजले. शोभा कधी मेडिकलात, कधी काउंटरला. तिची पुस्तकं क्लासातच राहिलेली.

मी म्हणालो, "लेकी, तू जा. तुझी गाडी पहाटेची हाय."

"गप पडा."

"माझ्यापायी तुझी परीक्षा बुडाली तर मला हितं झोप लागंल काय?"

तिनं माझी चादर सारखी केली. मला पहिल्यांदा जाळीपेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली. सोळा वर्षं तिनं वाट बघितली, आणि आडवा कोण आला, तर मी.

तेवढ्यात आनंदा आला. लूमवरनं थेट, कापूस झटकायलाही न थांबता. खाटेशेजारी स्टूल ओढून बसला आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाला, "तू जा. मी हाय हितं."

जायच्या आधी शोभानं पिशवीतला मार्कर काढला. एका कागदावर इंग्रजीत एकच लांब वाक्य लिहिलं आणि खाटेच्या पायथ्याला चिकटवलं. वॉर्डातल्या सिस्टरला बोलावून ते दाखवलं. सिस्टरनं वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली.

मी विचारलं, "काय लिवलंयस गं?"

"तुमची ओळख," ती म्हणाली आणि गेली.

*

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आनंदा आणि मी दोघंही भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होतो. त्याला ऐकू येत नाही, मला बोलवत नव्हतं. सव्वाअकराला त्यानं हवेत बोट वर केलं, थोडा वेळ तसंच धरलं आणि मग हळूच खाली घेतलं.

संध्याकाळी शोभा गाडीतून उतरून तशीच वॉर्डात आली. पाठोपाठ मॅडम.

"कसं झालं?"

"पेशंट म्हातारा हुता," शोभा म्हणाली. "बसल्या बसल्या म्हणाला, आय ॲम फाइन."

"मग?"

"मग काय. मला हसू आलं."

मॅडम स्टुलावर टेकल्या. "परीक्षेत हसलीस?"

"आलं की हो मॅडम. बाबाच बसल्यात समोर असं वाटलं."

"आणि पुढं काय बोललीस?"

"ते काय आठवत न्हाय."

मॅडम तीन आठवडे नीट जेवल्या नाहीत. मी घरी पडून होतो, तरी रोज फोन करून विचारायचो. त्या म्हणायच्या, "हसल्याचे मार्क कापतात का हो बाबा, तुम्हाला काय वाटतं?" मला काय वाटणार. मी म्हणायचो, बरं हुईल.

*

जाळी बसवली त्याच्या दुसऱ्या दिवशी निकाल होता. मी त्याच वॉर्डात, त्याच खाटेवर, छातीला वायरी लावलेल्या. पायथ्याला शोभानं तो जुना कागद परत आणून चिकटवला होता. ती आणि मॅडम क्लासात कॉम्प्युटरसमोर. माझ्याजवळ आनंदा, मोबाईल हातात धरून. त्याला साधा फोन चालत नाही. शोभा व्हिडिओ कॉल करते, तो ओठ वाचतो.

फोन वाजला. शोभाचा चेहरा आला, तोंड उघडलं, आणि चित्र तिथंच गोठलं. वॉर्डात रेंज नाही. आनंदा त्या उघड्या तोंडाकडं बघत राहिला. त्याचं बोट आपोआप वर गेलं.

"तुटला," तो म्हणाला.

पण आवाज येत होता. त्यानं फोन माझ्या कानाला लावला. "काय म्हणतीय, बाबा? सांगा की."

मी हॅलो म्हणालो, तशी शोभा इंग्रजीत बोलायला लागली. न ओरडता, हळू. "बाबा, द वुमन हू फेल्ड ट्वाइस..."

फेल आणि पास हे दोन इंग्रजी शब्द मला चौथीपासून माहीत आहेत. आनंदा माझ्या तोंडाकडं बघत होता आणि मी ओठ घट्ट मिटून घेतले, त्यानं काही वाचू नये म्हणून.

"...हू शाउटेड ॲट एव्हरीबडी..."

दुसरी ट्रॉली. मला मॅडमचं आठवलं. वाक्य संपेपर्यंत थांबायचं. मी चादर मुठीत धरली.

"...ॲन्ड हू लाफ्ड इन द एक्झाम..."

तिसरी. दोनच्या वर जोडू नका म्हणून सांगितलं होतं या पोरीला.

"...हॅज पास्ड."

आनंदानं माझा दंड धरला. "बाबा? काय म्हणाली?"

सत्तर वर्षांत मी कधी आवाज चढवून बोललो नव्हतो. मी उठून बसलो, त्याच्या कानाजवळ तोंड नेलं आणि होता तेवढा दम लावून ओरडलो.

"पास. झाली. शोभा."

वॉर्डातली सगळी माणसं उठून बसली. सिस्टर चपला वाजवत पळत आली. आनंदा रडत होता, माझ्या वायरी सुटून लोंबत होत्या.

"बाबा, काय झालं? छातीत दुखतंय का?"

"न्हाय सिस्टर," मी म्हणालो. "बरं हाय."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग खाटेच्या पायथ्याचा कागद परत एकदा वाचला. आणि मागं वळून ओरडली, "बरं हाय म्हणतायत! मशीन आणा गं. पळा."